जांबच्या वाटेवरची सालेमवाडी

आईनं जांबला जायचं काढलं ते ताक घुसळता घुसळता. रवीचा आवाज मध्येच थांबला आणि ती म्हणाली, "कुसुम, पौष सरायच्या आत समर्थांचं दर्शन घेऊन येऊ." वडील जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. त्यांच्या माघारी ती जालन्याचं घर सोडून औरंगाबादेला माझ्याकडं राहायला आल्ती, आणि त्या दहा महिन्यांत स्वतःहून मागितलेली ही तिची पहिली गोष्ट. मी मुलींच्या शाळेत शिकवते. चार दिवसांची रजा कशीबशी मिळाली. आमचे हे म्हणाले, "लढाईचे दिवस आहेत, मोटारीचा भरोसा न्हाई. पण जा. आई मागतात म्हटल्यावर जाच."

म्हणून निघालो. कुणाला त्या बाजूला जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून वाटेची माहिती लिहिते आहे. पण माहितीपेक्षा दुसरंच काही जास्त लिहिलं जाईल, हे आधीच कबूल करते.

औरंगाबादहून पहाटेचीच गाडी धरा. दुपारच्या गाडीला हल्ली लष्करी माल असतो, ती वाटेत तासन् तास उभी राहते. पहाटे धुकं इतकं होतं की डब्याच्या खिडकीबाहेर काहीच नव्हतं. फक्त पांढरं, आणि त्यात अधूनमधून एखादी बाभळ पाण्यात बुडाल्यासारखी दिसून जायची. आई लुगड्याचा पदर कानावरून घेऊन बसली होती. तिला झोप लागली होती की ती डोळे मिटून कुठं गेल्ती, कळत नव्हतं. बदनापूर कधी गेलं तेही समजलं नाही. जालन्याला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि मोंढ्याच्या बाजाराकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांमधून उडालेला कापूस रस्ताभर पसरला होता. आपण ढगातून उतरून ढगातच चाललो आहोत, असं वाटलं.

जालन्याहून अंबडला मोटार आहे. पेट्रोल मिळत नाही म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालते. मागं टाकी बसवलेली. सुटायच्या आधी अर्धा तास एक माणूस पंखा फिरवत बसतो. चढ आला की सगळ्यांनी उतरायचं. आम्ही दोनदा उतरलो. भाडं माणशी सहा आणे, निजामाच्या हाली नाण्यात. घाई असणाऱ्यानं जाऊ नये. नसेल त्यानं जरूर जावं, कारण चढ चालताना दोन्ही बाजूला ज्वारी माथ्याइतकी उभी होती, कणसं दुधावर आल्ती, आणि एका शेतकऱ्यानं आम्हाला हाक मारून हुरडा खाऊ घातला. पैसे विचारले तर म्हणाला, "हुरड्याचा काय खर्चा असतोय, बाई?"

अंबडला धर्मशाळेत उतरलो. संध्याकाळी मत्स्योदरीच्या टेकडीवर गेलो. आई पायऱ्या चढली, देवीपुढं हात जोडले आणि उतरताना एका बाजूला बघत राहिली. तिकडं शेतांच्या पल्याड, धुराच्या पट्ट्यात, एक उंच पांढरी भिंत दिसत होती.

"ते काय गं?" मी विचारलं.

"काय की," ती म्हणाली.

जांबला जायला अंबडहून दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, करावी लागते. आम्हाला वडीगोद्रीचे जलालचाचा भेटले: पांढरी दाढी, खिल्लारी बैलांची जोडी, आणि दमणीत कडब्यावर अंथरलेली स्वच्छ वाकळ. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उजाडताच निघालो. दमणीचं डुलणं, घुंगरांचा एकसुरी आवाज, पुन्हा तेच धुकं. मी पेंगत होते. कोसभर गेल्यावर वाट फुटली.

"चाचा, डावीकडं घ्या," आई म्हणाली.

"माय, जांब उजवीकडं आहे. डावीकडं तर किरिस्तावांची सालेमवाडी."

"मला ठाऊक आहे. तिकडंच घ्या."

मी पुरती जागी झाले. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. "वसंताला बघून येऊ," एवढंच म्हणाली.

वसंता म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा. आम्ही मूळचे केदारखेड्याचे, शेतीवाडीवाले. वडील वकिलीसाठी जालन्याला आले. अण्णा शिकला, आणि शिकता शिकता बाविसाव्या वर्षी ख्रिस्ती झाला. कुणी फसवून नाही, कुणी पैसे देऊन नाही. त्याला पटलं म्हणून. ज्या दिवशी त्यानं घरी सांगितलं त्या दिवशी वडील आडावर गेले आणि त्याच्या नावानं आंघोळ करून आले. त्याला बारा वर्षं झाली. घरात त्याचं नाव निघत नव्हतं. मी तर असंच धरून चालले होते की आई त्याला विसरली. तो कुठं असतो ह्याची खबर ती कुणाकडून तरी ठेवून होती, हे मला तेव्हा कळलं.

सालेमवाडीबद्दल थोडं सांगते. साठेक वर्षांपूर्वी एका पाद्र्यानं सरकारकडून ही माळाची जमीन मिळवली. गावागावांतून ज्यांना नव्या देवामुळं आडावर पाणी बंद झालं, ज्यांची खोपटी जाळली, ते इथं येऊन राहिले. चहूबाजूंनी पांढरी भिंत, आत सरळ ओळीत घरं, मधोमध चर्च, त्याला ते मंदिर म्हणतात, त्यावर घंटा. आणि एक विहीर, जिच्यावर कुणालाही मनाई नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्या विहिरीवर चार बाया पाणी शेंदत होत्या. एकीनं शेंदलेलं पाणी दुसरीच्या घागरीत ओतलं. साधी गोष्ट, पण मी जन्मात आडावर असं पाहिलेलं नव्हतं.

अण्णा तिथं मास्तर होता; शाळेच्या ओट्यावर उभा होता. केस विरळ झालेले, चष्मा लागलेला. आईला दमणीतून उतरताना पाहून तो जागचा हललाच नाही. मग एकदम धावत आला आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबला. शिवावं की नाही, त्याला कळेना. आईनंच हात पुढं केला आणि त्याच्या दंडाला धरून म्हणाली, "किती वाळलास."

त्याची खोली लहान. एक खाट, पुस्तकं, भिंतीवर एका तरुण बाईचा फोटो.

"ही कोण रे?"

"रूथ. माझी बायको. पटकीच्या साथीत गेली, चार वर्षं झाली. मी पत्र टाकलं होतं." तो थांबला. "ते न फोडता परत आलं."

आई फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. सून म्हणून तिनं पहिल्यांदा जिला पाहिलं ती अशी, काचेमागं. तिनं पदरानं काच पुसली.

आम्ही बरोबर आणलेल्या दशम्या खाल्ल्या. अण्णानं जेवण पुढं केलं तेव्हा आई म्हणाली, "प्रवासात माझं मी खाते." त्यानं ताट झाकून ठेवलं.

दुपारभर वाडीत एक विचित्र शांतता होती. लोक घोळक्यानं बोलत आणि आम्ही जवळ गेलो की गप्प होत. शेवटच्या ओळीतल्या एका घरातून मात्र जात्याची घरघर आणि गाणं येत होतं. आवाज जाड, उन्हात तापलेल्या मातीसारखा:

*भाकर मोडली माझ्या येशूनं गं बाई,*
*तुकडा न तुकडा सारखा, थोरला धाकला न्हाई.*

मी दारात रेंगाळले. पन्नाशीची एक रुंद हाडाची बाई दळत होती. "या माय, आत या," ती म्हणाली. "उद्यापासून हे दार ऱ्हायचं न्हाई, आज बसून घ्या."

ती मार्थाबाई. काय झालं होतं ते मला संध्याकाळी अण्णानं सांगितलं.

त्यांच्यात प्रभुभोजन असतं. मंदिरात पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे पाद्री, पाव मोडून सगळ्यांना देतात, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. पाव जालन्याहून यायचा. लढाईत मैदा मिळेना, पाव बंद झाला, आणि चार महिने प्रभुभोजनच थांबलं. मार्थाबाईनं पाळकसाहेबांना विचारलं, "येशूच्या मुलखात गहू पिकत होता म्हणून त्यानं गव्हाची खाल्ली. आमच्या मुलखात ज्वारी पिकते. मंग ज्वारीची का चालत न्हाई?" उत्तर आलं की वरून हुकूम येईपर्यंत थांबा. ती थांबली नाही. दर गुरुवारी तिच्या घरी बाया जमू लागल्या. ती जात्यावरच्या ओव्यांतून येशूची गोष्ट सांगायची, तिचा अर्थ स्वतः लावायची, आणि शेवटी स्वतःच्या हातानं भाकर मोडून सगळ्यांना द्यायची. पलीकडच्या गावच्या, बाप्तिस्मा न झालेल्या बायाही येऊ लागल्या. त्यांनाही द्यायची.

"बाई माणसानं, दीक्षा नसताना!" अण्णा म्हणाला. "तिला तीनदा समजावलं. ती म्हणते, माझ्या मनात जे बोलतंय ते तुमच्या कागदात मावत न्हाई. शेवटी पंचांनी ठरवलं, एक तर माफी माग, न्हाई तर वाडी सोड. तिनं माफी मागितली न्हाई. उद्या उपासनेनंतर ठराव वाचायचा."

"कोण वाचणार?" आईनं विचारलं.

"मी. पंचांत मी पण आहे. पाच सह्या आहेत, त्यात एक माझी."

ओट्यावर संध्याकाळ उतरत होती. चुलींचा धूर खाली बसला होता, आणि सगळी वाडी जमिनीपासून वीतभर वर तरंगते आहे असं भासत होतं. आई त्या धुराकडं बघत म्हणाली, "तुला पटतंय का तिचं चुकलं?"

अण्णा म्हणाला, "पटण्याचा सवाल न्हाई, आई. घराला एक रीत असते. एकानं मोडली की समदं घर मोडतं. आपण एकाकडं बघायचं की सगळ्यांकडं?"

आईनं मान वळवली. तिचा चेहरा मी कधी इतका पांढरा पाहिला नव्हता.

"हे तुझं बोलणं न्हाई, वसंता. हे त्यांचं आहे. आडावरून ओल्या धोतरानं आले ना, तेव्हा उंबऱ्यात उभं राहून हेच बोलले होते. बराबर हेच."

अण्णानं वर पाहिलं.

"आणि मी काय केलं? चुलीत लाकूड सारलं. बारा वर्षं सारत राहिले." ती उठली. "तू काय करायचं ते तुझं तू बघ. मी सांगायला आले न्हाई. मी तुला बघायला आल्ते."

रविवारी सकाळी घंटा झाली. आई मंदिरात येणार नाही असं मला वाटलं होतं. पण ती आली आणि दाराशी, जिथून बाहेरही पडता येईल अशा जागी, जमिनीवर बसली. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत येत होतं. गाणी झाली, प्रार्थना झाली. मार्थाबाई बायांच्या पहिल्या रांगेत बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, लग्नाला आल्यासारखी स्वच्छ.

पाळकसाहेबांनी अण्णाला खूण केली. तो उठला, कागद उघडला. "सालेमवाडीच्या मंडळीतील भगिनी मार्था..." एवढं वाचलं आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा त्याच जागी थांबला. मग त्यानं चष्मा काढला.

"हे मी वाचू शकत न्हाई. मी हिच्यासारखाच एक दिवस घराबाहेर पडलो. मला जे पटलं ते बोललो म्हणून. त्या दिवशी ह्या वाडीनं मला दार उघडलं. मी माझी सही परत घेतो."

पाळकसाहेब म्हातारे होते. मी त्यांना कठोर समजून बसले होते. पण ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "मास्तर, माझ्या बापाला गावच्या आडावर दगड मारले होते. ही भिंत बांधली म्हणून आम्ही जिवंत राह्यलो. जो तो आपल्या मनाचं करायला लागला तर भिंत पडंल. मंग आमची लेकरं कुठं जातील?" त्यांनी कागद अण्णाच्या हातून घेतला. "चार सह्या राहतात. चार पुरेत." आणि त्यांनी स्वतः तो वाचला.

मार्थाबाई उठली. भांडली नाही, रडली नाही. "पाळकसाहेब, तुमच्यावर माझा राग न्हाई," एवढं म्हणाली आणि बाहेर गेली.

मी आशेनं वाट बघत होते की आता कुणीतरी उभं राहील, काहीतरी बदलेल. काहीच बदललं नाही. लोक खाली मान घालून घरी गेले.

तिचा भाऊ जांबच्या अलीकडच्या एका गावात होता. तिथवर चार कोस चालत जायचा तिचा विचार होता. आईनं हे ऐकलं आणि जलालचाचांना विचारलं, "दमणीत जागा होईल का?"

"माणसाला होईल, माय."

"सामानाला?"

सामान म्हणजे दोन बोचकी, एक ट्रंक, आणि जातं. जातं ती सोडेना. अण्णा आणि चाचांनी मिळून ते उचललं. चाचा धापा टाकत म्हणाले, "या अल्लाह, बाईचं घर हलकं आणि जातं भारी!" मार्थाबाई हसली. त्या दिवशी वाडीत ऐकलेलं ते एकच हसू. पाळकसाहेब वेशीपर्यंत आले, एक घोंगडी तिच्या बोचक्यावर ठेवली आणि मागं न बघता परत गेले. अण्णा दमणीमागं बराच वेळ चालत राहिला. मग धूळ आणि ऊन ह्यांत तो कधी दिसेनासा झाला ते सांगता येणार नाही.

दमणीत जात्याच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला मार्थाबाई. आईसारख्या बाईनं अशा बाईशी मांडीला मांडी लावून बसावं हे केदारखेड्याला कुणाला खरं वाटलं नसतं. पण वाट लांब होती, बैल सावकाश चालत होते, आणि डुलण्यानं दोघींची डोकी एकाच वेळी कलत, एकाच वेळी सावरत. आई ओठांतल्या ओठांत जप करत होती; मार्थाबाई गुणगुणत होती. थोड्या वेळानं मला कुठला आवाज कुणाचा ते वेगळं करता येईना.

दुपार कलल्यावर एका ओढ्याशी बैल सोडले. मार्थाबाईनं फडकं सोडलं. भाकर, ठेचा, कांदा. तिनं भाकर मोडली आणि अर्धी आईपुढं धरली. मग तिचं तिलाच उमगलं असावं. हात जरा मागं गेला.

आईनं विचारलं, "हे तुमचं ते... प्रभुभोजन आहे का?"

"न्हाई, माय. भूक लागलीय म्हणून भाकर आहे."

आईनं ती घेतली आणि खाल्ली. सावकाश, शेवटचा तुकडा ठेच्यात फिरवून. चाचांनी खाल्ली, मी खाल्ली. ओढ्याचं पाणी चकाकत होतं. मी आयुष्यात अनेक पंगती जेवले. पण एवढी निवांत पंगत आठवत नाही.

मार्थाबाईला तिच्या भावाच्या दारात सोडून आम्ही त्याच गावी पाटलांकडं मुक्काम केला आणि सोमवारी सकाळी जांबला पोचलो. जाणाऱ्यांनी सोमवारीच जावं. गर्दी बिलकुल नसते. समर्थांचं जन्मघर, रामाचं देऊळ, पारावर उन्हात बसलेली चार म्हातारी माणसं, बस्स. आई रामापुढं फार वेळ बसली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?"

"मागितलं न्हाई. झालं ते सांगितलं."

परतताना अंबडला न जाता परतूर स्टेशन गाठलं, तिथून गाडी औरंगाबादेला एकदम येते. चाचांना त्यांचा परतीचा दिवस धरून चार दिवसांचे आठ हाली रुपये ठरले होते, त्यांनी सहाच घेतले. "त्या बाईला तुम्ही बसवलं, मी फक्त हाकलं," म्हणाले.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत बातमी केदारखेड्याला पोचली. चुलते आले. "वहिनी, तुम्ही वाटेत कुणाच्या हातचं खाल्लं म्हणतेत. भावकी बोलून राह्यली. साधं प्रायश्चित्त घ्या, चार माणसं जेवू घाला, विषय मिटला."

"भाऊजी, चूक केली असती तर जरूर घेतलं असतं," आई म्हणाली आणि त्यांना चहा आणायला उठली. चुलते चहा न घेताच गेले. तेव्हापासून केदारखेड्याहून लग्नामुंजीचं बोलावणं येत नाही. आईला त्याचं वाईट वाटतं. ती तसं बोलूनही दाखवते. पण एकदाही म्हणाली नाही की गेले नसते तर बरं झालं असतं.

लोक मला विचारतात, जांबला काय पाहिलंत? मी देऊळ सांगते, हुरडा सांगते, धुकं सांगते. बाकीचं सांगायला शब्द जुळत नाहीत. मला अजून कळत नाही की भिंत जपणारे पाळकसाहेब चूक होते का. ज्यांना दगड बसले त्यांना भिंत हवी असणारच. पण भिंतीच्या आतही माणसाचं मन मोकळंच जन्मतं, आणि ते पुन्हा एखाद्या गुरुवारी स्वतःच्या भाषेत बोलायला लागतं. त्याला काय करावं?

चैत्रात एका दुपारी अण्णा आला. ठराव झाल्यापासून सहा कुटुंबं वाडी सोडून मार्थाबाईच्या भावाच्या गावाकडं गेली आहेत, ओढ्याकाठी खोपटी घालून राहतात. त्यानंही शाळा सोडली होती. लिंबाखाली त्यांची मुलं शिकवतो. दारात येऊन तो बाहेरच थांबला. म्हणाला, "इथंच बसतो. शेजारीपाजारी..."

आईनं स्वयंपाकघरात जाऊन दोन पाट मांडले, एक माझा, एक त्याचा, आणि ताटं वाढून त्याला हाक मारली. तो आत आला, बसला. वरण-भात वाढून झाला. अण्णानं सवयीनं डोळे मिटले, हात जुळवले आणि त्याचे ओठ हलू लागले.

मी आईकडं पाहिलं. ती तुपाची वाटी हातात धरून उभी होती. त्याची प्रार्थना संपेपर्यंत ती तशीच थांबली, आणि त्यानं डोळे उघडल्यावर भातावर धार धरली.